जे सर्वांचे, त्याचा खर्च कोणाचा?

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथे ‘मराठी आणि संगणक’ या विषयावर ग्रामस्थ व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकशास्त्राशी माझा संबंध आला तो पोटापाण्यासाठी. वृत्तपत्राच्या कचेरीत तीसेक वर्षे काढली. त्या काळात खिळ्यांची जुळणी मावळताना पाहिली, संगणक येताना पाहिला आणि संगणकाने मराठीचे केलेले हालही पाहिले. तेव्हा आज मी आपल्यापुढे तज्ज्ञ म्हणून उभा नाही. ज्याच्या भाषेला ठेच लागली आणि ज्याने ती ठेच कशामुळे लागली याचा शोध घेतला, असा एक पत्रकार म्हणून उभा आहे.

आरंभीच एक विनंती. ज्यांच्या खिशात भ्रमणध्वनी असेल त्यांनी तो बाहेर काढावा आणि दोन शब्द टंकावेत. पहिला ‘दर्या’, म्हणजे समुद्र. दुसरा ‘दऱ्या’, म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगांत दिसतात त्या. पहिल्यात रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात ‘र’ची आडवी कोयरी ‘य’ला अलगद येऊन चिकटते. दोन्ही शब्द आपल्या पडद्यावर नीट उमटले असतील. आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. परंतु हे साध्य होण्यास कित्येक वर्षे लागली, अनेक देशांतील माणसे लागली आणि पैसाही लागला. तो पैसा आपण दिला नाही. मग कोणी दिला? आणि जे अजून व्हायचे आहे त्याचा खर्च कोण देणार? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

आचारी आणि आचार्य

एक जुना प्रसंग सांगतो. एका गावच्या सप्ताहाची बातमी आमच्या पानावर छापायची होती. बातमीदाराने लिहिले होते, ‘काल्यानंतर आचाऱ्यांचा सत्कार’. सात दिवस चुलीपुढे उभे राहणाऱ्या स्वयंपाक्यांचा तो सत्कार होता. आमच्या संगणकाने कोयरी गिळली, रफार वर चढवला आणि छापून आले, ‘आचार्यांचा सत्कार’. दुसऱ्या दिवशी कीर्तनकार महाराज हसले, आचारी मात्र हसले नाहीत. आयुष्यात एकदा वर्तमानपत्रात नाव यायचे होते, ते दुसऱ्याच्या खात्यावर गेले, असे त्यांतील एक जण मला म्हणाला. ते वाक्य मी विसरलो नाही.

खिळ्यांच्या काळात हे घडले नसते. जुळाऱ्याच्या लाकडी खणांत या कोयरीचा खिळा वेगळा असे आणि तो कोठे लावायचा हे त्याचा हात जाणत असे. संगणकाला असा हात नसतो. त्याच्याकडे असतात ते केवळ अंक. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक कप्पा आहे आणि त्याची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. संगणक साठवतो तो ‘र’चा अंक, हलन्ताचा अंक, ‘य’चा अंक. या अंकांवरून कोणता आकार काढायचा, रफार कोठे न्यायचा, वेलांटी कोणत्या अक्षराच्या अलीकडे सरकवायची हे ठरविणारी एक स्वतंत्र प्रणाली लागते. तिला आपण अक्षरजोडणीची प्रणाली म्हणू. जुळाऱ्याचा हात तो हाच.

हा हात कोणी घडविला?

खासगी कंपन्यांनी आपापल्यापुरते हे काम केले. मायक्रोसॉफ्टने २००० साली काढलेल्या विंडोजमध्ये हिंदी व मराठीची सोय होती. त्यातील ‘मंगल’ हा टंक आपल्या मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. मात्र ती जोडणी बंद पेटीतील होती. तिच्या आत काय चालते हे पाहण्याची वा त्यात दुरुस्ती करण्याची मुभा इतरांना नव्हती.

दुसरी वाट मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणालाही वापरता यावी, तिचा मूळ मजकूर वाचता यावा, सुधारता यावा आणि सुधारलेली प्रत वाटता यावी, ही त्यामागील भूमिका होती. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा नव्हे, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितले. आपण मात्र सोयीने फुकट एवढेच ऐकले.

याच वाटेवर ‘हार्फबझ’ ही अक्षरजोडणीची मुक्त प्रणाली उभी राहिली. आज अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांत ती काम करते. मघाशी आपण टंकलेली ‘दऱ्या’ तिनेच जोडली असण्याचा संभव फार मोठा. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद हे मूळचे इराणचे. ‘हार्फबझ’ हे नावही फारसी शब्दांवरून आले आहे. भारतीय लिप्यांचे नियम त्यांनी बसविले तेव्हा विकिपीडियावरून शब्दांच्या प्रचंड याद्या काढल्या, एकेक शब्द जोडून पाहिला आणि मायक्रोसॉफ्टच्या जोडणीशी ताडला. देवनागरीचे सुमारे सात लाख शब्द असे तपासले गेले आणि न जुळणारे शब्द शंभराच्याही आत आणले गेले. हे काम फावल्या वेळातले नव्हे. एस्फाहबोद आधी रेड हॅट आणि नंतर गूगल या कंपन्यांत नोकरीस होते; मोझिलाच्या जोनाथन क्यू यांचाही या प्रणालीत मोठा वाटा आहे. म्हणजे त्यांचा पगार त्यांच्या संस्था देत होत्या. फळ मात्र सर्वांना मिळाले.

टंकांची कथाही तशीच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅटने ‘लोहित’ या नावाने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. शासनानेही आपला वाटा उचलला. ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व अक्षरांची प्रमाण रूपे निश्चित केली. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ कसे लिहावयाचे हे कागदावर आले. त्याआधी २००८ साली मराठीला हवा असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाला होता.

सांगण्याचा मुद्दा असा, की मराठीचे एक अक्षर पडद्यावर नीट उमटण्यासाठी कोणाचा पगार, कोणाची कला, शासनाचा निर्णय आणि स्वयंसेवकांची चिकाटी एवढे सारे खर्ची पडले आहे. फुकट काहीही झालेले नाही. बिल आपल्या दारी आले नाही, इतकेच.

जे अजून झालेले नाही

मग आता अडचण काय, असे आपण विचाराल. अक्षर दिसते, परंतु ते शोधता येतेच असे नाही.

‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील कोयरी संगणकात दोन प्रकारे लिहिली जाते. एक रीत ‘र’खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या अक्षराची. ते अक्षर मुळात दक्षिणेकडील भाषांतील कठोर ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेले आहे, आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आपली कोयरी. दुसरी रीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका रीतीने साठवले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर अक्षरशः शोध घेणारी साधी प्रणाली ‘नाही’ असे उत्तर देते.

आमच्या बातम्यांच्या संग्रहात मी एकदा ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शोधला, तेव्हा मी स्वतः लिहिलेल्या बातम्याही त्यात सापडेनात. तो माझा मनस्ताप होता, नुकसान नव्हते. पुढे एका वृद्ध शेतकऱ्याला घेऊन एका कचेरीत गेलो. त्यांच्या आडनावात हाच ‘ऱ्ह’. समोरच्या माणसाने नाव टंकले. संगणक म्हणाला, नोंद नाही. पुन्हा टंकले, पुन्हा नाही. अखेरीस कागदाची यादी काढून बोट फिरवले, तर नाव ठसठशीत तेथे होते. तो माणूस प्रामाणिक होता, यादीही बरोबर होती. चूक दोन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या मधल्या फटीत होती. त्या आजोबांचे दोन दिवसांचे बसभाडे आणि दोन दिवसांची मजुरी त्या फटीत गेली. सातबाऱ्यापासून शिष्यवृत्तीच्या यादीपर्यंत सारे काही संगणकावर गेले असताना ही फट लहान म्हणता येणार नाही.

वरकरणी उपाय सोपा वाटतो. अदृश्य चिन्हाकडे संगणकाने दुर्लक्ष करावे! परंतु तसे केले की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात आणि आपण पुन्हा आचाऱ्याला आचार्य करून ठेवतो. म्हणजे नियम नेमका बसवावा लागेल: ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हे त्रिकूट दिसले तरच त्यास कोयरी समजावे. आणि हा नियम कळफलक, माहितीसाठा, शोध आणि शुद्धलेखन-तपासणी या साऱ्या ठिकाणी एकसारखा लागू व्हावा. या साऱ्या प्रणालींचे सांभाळकर्ते वेगवेगळे, निरनिराळ्या देशांतले. म्हणूनच हे काम एका रात्रीत उरकणाऱ्या उत्साही तरुणाचे नव्हे. त्यास नियोजन हवे आणि निधी हवा.

सप्ताहाची रीत

नियोजन म्हटले की आपण शहराकडे पाहतो. वस्तुतः त्याचा वस्तुपाठ आपल्या गावांतच आहे. अखंड हरिनाम सप्ताह कसा होतो? आधी बैठक बसते. तिथी ठरते. कोणत्या दिवसाची पंगत कोणाच्या घरची हे लिहून काढतात. कोणी मंडप देतो, कोणी जळण, कोणी रात्रीचा पहारा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून वीणेकऱ्यांच्या पाळ्या आधीच लागतात. शेवटी हिशेब वाचून दाखवतात. सर्वांच्या उपयोगाची प्रणाली वाढविण्याचे शास्त्र याहून फार निराळे नाही. मला त्यातून पाच गोष्टी दिसतात.

पहिली, गरज नेमकी मांडावी. ‘मराठी नीट चालत नाही’ ही तक्रार ऐकून कोणीही काही करू शकत नाही. ‘हा शब्द, या रीतीने लिहिला, या ठिकाणी शोधला, आणि सापडला नाही’ असे शंभर दाखले दिले, की तीच पुढे कामाची कसोटी होते. शंभरही शब्द सापडले तर काम पुरे.

दुसरी, पैसा गोळा करण्याआधी सांभाळकर्त्यांशी बोलावे. ही चूक पुष्कळांकडून होते. एखादी संस्था स्वतःच्या खर्चाने प्रोग्रामर नेमते, स्वतःपुरती वेगळी प्रत करून घेते आणि समाधान मानते. वर्षभराने मूळ प्रणालीची नवी आवृत्ती येते, आपली प्रत मागे पडते आणि केलेला खर्च वाया जातो. सुधारणा मूळ प्रवाहात मिसळली तरच ती टिकते. ती मिसळून घेण्यास सांभाळकर्ते राजी आहेत का, कोणत्या रूपात राजी आहेत, हे आधी विचारून घ्यावे. घरमालकाला न विचारता त्याच्या अंगणात मंडप घालत नाहीत.

तिसरी, कामाचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे उपयोगी असावा. आधी शब्दांची यादी, मग एका प्रणालीतील शोध, मग माहितीसाठे, मग कळफलक. मध्येच निधी आटला तरी झालेला भाग वाया जाऊ नये. पैसाही टप्प्याटप्प्याने, कसोटी उतरल्यावर द्यावा.

चौथी, खर्चात केवळ लिहिणाऱ्याची मजुरी धरू नये. तपासणाऱ्याचा वेळ, वापराची माहिती लिहिण्याचे काम आणि पुढील काही वर्षांची देखभाल हेही धरावे. वीणा खाली ठेवता येत नाही, ती ही! २०१४ साली जगाला याचा धडा मिळाला. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रणालीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष आढळला. जगभरच्या असंख्य संकेतस्थळांचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी मिळणारी देणगी होती सुमारे दोन हजार डॉलर. दोष उघडा पडल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन लाखो डॉलरचा निधी उभारला. तोवर सर्व जण ‘दुसरा कोणी देत असेल’ या समजुतीत होते.

पाचवी, हिशेब उघडा असावा. कोणी किती दिले, कशावर गेले, काय उरले हे सर्वांना दिसावे. आणि ज्याने अधिक दिले त्याची इच्छा म्हणजे प्रणालीची दिशा, असे होऊ देऊ नये. मोठी पंगत देणाऱ्याला मान मिळतो. कीर्तनाचा अभंग मात्र तो ठरवीत नाही.

एवढा पैसा येईल कोठून?

ही शंका रास्त आहे. दोन दाखले देतो. ‘ब्लेंडर’ ही त्रिमित चित्रे व चित्रपट घडविण्याची प्रणाली. ती बनविणारी कंपनी २००२ साली बंद पडली. निर्माते टॉन रूसेन्डाल यांनी गुंतवणूकदारांना विचारले, ही प्रणाली मुक्त करण्याचे काय घ्याल? एक लाख युरो असा आकडा ठरला. जगभरच्या वापरकर्त्यांनी तो सात आठवड्यांत जमविला आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त झाले. पुढे त्यांनी आणखी नामी युक्ती काढली. नव्या सुविधा हव्यात ना, मग एक लघुपट काढायला घ्यायचा, त्याच्या तबकड्या आगाऊ विकायच्या आणि चित्रपटाला जे जे लागेल ते प्रणालीत घडवायचे. २००६ चा ‘एलिफंट्स ड्रीम’ असा झाला. काम डोळ्यांपुढे होते, मुदत होती, म्हणून पैसाही आला.

दुसरा दाखला आपल्या देशातला. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधा या भारतीय कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्यातून एकेका प्रकल्पास दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी प्रकल्पाने आपली माहिती व निधीची गरज ठरावीक नमुन्यात जाहीर करावी लागते. म्हणजे देणारे आहेत. मागणाऱ्याकडे नीट लिहिलेली योजना हवी.

मराठीच्या या कोयरीसाठी कोणी एकट्याने खर्च करावा असेही नाही. वृत्तपत्रे, साप्ताहिके, प्रकाशक, सहकारी बँका, विद्यापीठे, शासनाचा भाषा विभाग या सर्वांची गरज एकच आहे. आज प्रत्येक जण आपापल्या कचेरीत तीच ठिगळे वेगवेगळी लावतो आणि त्याचा खर्च वेगवेगळा सोसतो. तोच खर्च एकत्र केला तर काम एकदाच होईल आणि कायमचे होईल. आमच्या व्यवसायानेही यात हात आखडता घेतला, हे मी येथे कबूल करतो. मुक्त टंकांवर पाने लावली. वर्गणी मात्र कोणाला दिली नाही.

आणि पैसा देणे ज्यांना शक्य नाही त्यांचे काय? हंगेरियन भाषेचे उदाहरण पाहा. मराठीप्रमाणेच तिच्यात शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात. तिच्यासाठी लास्लो नेमेथ यांनी ‘हनस्पेल’ ही शुद्धलेखन-तपासणी घडविली आणि आज तीच लिबरऑफिस, फायरफॉक्स व क्रोम यांत जगातील कितीतरी भाषांना उपयोगी पडते. मराठीचे शब्दसंग्रहही स्वयंसेवकांनी तिच्यावर बसविले आहेत. एका छोट्या देशाने आपल्या भाषेची अडचण नेमकेपणाने सोडविली आणि तिचा लाभ जगाला झाला.

विद्यार्थी मित्रहो, तुमचा वाटा येथे आहे. ‘गुऱ्हाळ’, ‘बिऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘चऱ्हाट’, ‘सातबाऱ्यावर’ असे शब्द तुम्हांला जितके ठाऊक आहेत तितके परदेशी बसलेल्या प्रोग्रामरला कसे असतील? त्याला नियम येतो, शब्द तुमच्याकडे आहेत. ते जमवा, दोन्ही रीतींनी टंकून पाहा, कोठे अडते त्याची नोंद करा. ही पंगत तुमच्या घरची समजा.

येथून जवळच अंबाजोगाई आहे. मुकुंदराजांची ती भूमी. तेथेच दासोपंतांनी कागद अपुरा पडला म्हणून की काय, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पासोडी’ लिहिली. ते कापड कोणीतरी विणले असेल, खळ लावली असेल, शाई घोटली असेल आणि पुढे चार शतके ते कोणीतरी जपले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपण आनंद साजरा केला. परंतु भाषा टिकते ती विणणाऱ्यांच्या आणि जपणाऱ्यांच्या बळावर. आजचे कापड संगणकाचे आहे; ते सर्वांचे आहे, म्हणून त्याचे सूतही सर्वांनी द्यावयाचे आहे.

त्या वृद्ध शेतकऱ्याचे नाव पुढच्या वेळी पहिल्याच शोधात सापडावे, एवढे जरी आपल्या हातून झाले तरी मी आजचे येथे येणे सार्थकी लागले असे समजेन.